द्राक्षवेलाचा अध्याय कसा वाचावा

‘मीच खरा द्राक्षवेल आहे’ हे योहानाच्या शुभवर्तमानातील वाक्य ज्याच्या कानावरून गेलेले नाही असा मराठी ख्रिस्ती वाचक विरळाच. तरीही इंदूरातील आम्ही काही मराठी कुटुंबे रविवारी संध्याकाळी एकत्र बसून शास्त्र वाचतो, तेव्हा असे वारंवार आढळले आहे की पंधरावा अध्याय उघडताच वाचणारा थेट फळापाशी पोहोचतो, आपण आजवर किती फळ दिले याचा हिशेब मांडू लागतो आणि थोड्याच वेळात खिन्न होऊन पुस्तक मिटतो. अध्यायाचा क्रम उलटा धरल्यामुळे ही खिन्नता येते, असे माझे स्पष्ट मत आहे. येशूने आधी वेल सांगितला, मग माळी, मग फाटे आणि त्यानंतर फळ. आणि वेल हा शब्द उच्चारताना ऐकणाऱ्यांच्या मनात शेकडो वर्षांचा एक जुना वेल आधीपासून उभा होता. तो वेल ओळखून मग या अध्यायाकडे कसे यावे, याची रीत पुढे दिली आहे. तिला चार बैठका पुरतात. मराठी पवित्र शास्त्र, हिंदी पवित्र शास्त्र आणि एक वही एवढे जवळ असावे; हिंदी प्रत कशासाठी, ते तिसऱ्या बैठकीत स्पष्ट होईल.

पहिली बैठक : झाड डोळ्यांपुढे आणणे

पहिल्या बैठकीत शास्त्र उघडण्याचीही घाई करू नये. मराठीत ‘वेल’ म्हटले की आपल्यासमोर दुधीचा, कारल्याचा किंवा जाईजुईचा वेल येतो. परसातला दुधी पावसाळ्यात चढतो आणि हंगाम संपला की वाळून जातो. त्याचे देठ नखानेही तुटते. द्राक्षाचा वेल असा नसतो. त्याचे खोड लाकडी असते, तो अनेक दशके जगतो आणि दर वर्षी त्याच जुन्या खोडातून नवी फूट काढतो. इंदूरकरांना द्राक्षे ठाऊक असतात ती चोइथराम मंडीत येणाऱ्या पेट्यांमधली. फळ ओळखीचे आणि झाड अनोळखी, अशी आपली स्थिती आहे, आणि या अध्यायातील जवळजवळ प्रत्येक वचन फळाइतकेच झाडाविषयी बोलते.

शक्य असेल त्याने एकदा द्राक्षबाग पाहून यावी. निफाडजवळ माझ्या मामेभावाची बाग आहे, आणि ऑक्टोबरच्या छाटणीच्या दिवसांत तेथे घालवलेल्या दोन दिवसांनी मला जे समजले ते अनेक वर्षांच्या वाचनाने समजले नव्हते. महाराष्ट्रात वेलाला थंडीची पुरती विश्रांती मिळत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी होते : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, जिच्यानंतर नव्या काड्या तयार होतात, आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी, जिच्यानंतर घड येतात. फळ छाटणीच्या वेळी काडीवर किती डोळे राखायचे ते मोजून बाकीची काडी कापली जाते. कापल्या जागेतून पाण्यासारखा रस ठिबकतो, आणि मांडवाखाली उभे राहिले की आदल्या दिवशी हिरवी असलेली बाग उघडीबोडकी दिसते. मी हळहळ व्यक्त केली तेव्हा मामेभाऊ म्हणाला, “दादा, फूट दाट झाली म्हणजे माल वाढला असं नसतं. सगळी फूट ठेवली तर वेल पाल्यातच जाईल.”

हे वाक्य वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवावे, कारण त्याचे कारण वनस्पतीच्या स्वभावात आहे. द्राक्षाचा घड जुन्या खोडावर लागत नाही. गेल्या हंगामात तयार झालेल्या काडीच्या डोळ्यातून जी नवी फूट निघते तिच्यावर तो लागतो. म्हणून जो वेल छाटला जात नाही तो मरत नाही, पसरतो. परंतु त्याची शक्ती पाल्यात आणि लाकडात जाते. पॅलेस्टाइनच्या डोंगराळ भागात हिवाळ्यात वेलाची पाने गळतात, मुख्य छाटणी त्या विश्रांतीच्या काळात होते आणि वसंतात फूट येते. यहूद्यांचा वल्हांडणाचा सण वसंतातला आहे. त्याच सणाच्या सुमारास, मारला जाण्याच्या आदल्या रात्री, येशू शिष्यांशी हे बोलत होता तेव्हा डोंगरउतारावरचे वेल छाटून झालेले आणि कोवळ्या पानांवर आलेले असणार.

दुसरी बैठक : जुन्या करारातील वेल

ही बैठक सर्वांत मोठी आहे. ती एका संध्याकाळी आटोपली नाही तर दोन संध्याकाळी द्याव्यात, पण वगळू नये.

सुरुवात ८०व्या स्तोत्राने करावी. आठव्या वचनापासून परमेश्वराने मिसर देशातून एक वेल आणला, राष्ट्रांना घालवून तो लावला, त्याच्यासाठी जमीन तयार केली, त्याची सावली डोंगरांवर पडली, असे वर्णन आहे. आणि मग एकाएकी प्रश्न येतो की तू त्याचे कुंपण का मोडलेस, येणारेजाणारे त्याची फळे तोडतात आणि रानडुक्कर त्याची नासाडी करते. येथे मराठी वाचकाला भाषेची मोठी मदत होते, कारण आपल्याकडे ‘वंशवेल’ हा शब्द आहे. एक अख्खे कूळ, एक अख्खी प्रजा वेलाच्या रूपाने पाहणे आपल्याला परके वाटत नाही. या स्तोत्रातील वेल म्हणजे इस्राएल. त्याच स्तोत्राच्या सतराव्या वचनात, वेलासाठी केलेल्या प्रार्थनेच्या ओघातच, परमेश्वराच्या उजव्या हाताचा पुरुष आणि मानवपुत्र यांचा उल्लेख येतो. त्याखाली रेघ ओढून ठेवावी.

त्यानंतर यशया ५ : १ ते ७ वाचावे. हे द्राक्षमळ्याचे गीत आहे. मालकाने सुपीक टेकडीवर जमीन खणली, धोंडे वेचून काढले, उत्तम जातीचा वेल लावला, मध्ये बुरूज बांधला, द्राक्षकुंड खोदले आणि गोड द्राक्षांची वाट पाहिली. आले ते निकृष्ट फळ. सातव्या वचनात संदेष्टा स्वतःच अर्थ उलगडतो, आणि मूळ हिब्रू भाषेत तेथे शब्दांचा जो खेळ आहे तो कोणत्याही भाषांतरात पुरता उतरत नाही : परमेश्वराने ‘मिश्पात’ म्हणजे न्यायाची अपेक्षा केली, मिळाला ‘मिस्पाह’ म्हणजे रक्तपात; अपेक्षा ‘त्सेदाका’ म्हणजे नीतिमत्त्वाची केली, ऐकू आली ‘त्सेआका’ म्हणजे पीडितांची हाक. दोन शब्दांचे ध्वनी इतके जवळ आहेत की दुरून चांगले आणि वाईट फळ सारखेच दिसावे. फळ म्हणजे काय, या प्रश्नाचे शास्त्रातील हे फार स्पष्ट उत्तर आहे, आणि लगेच आठव्या वचनात घराला घर व शेताला शेत जोडत जाऊन इतरांना जागा न ठेवणाऱ्यांवर हाय हाय म्हटले आहे. फळ हा शब्द केवळ अंतःकरणातील गोड भावनांसाठी वापरण्याची आपल्याला सवय आहे. यशयाचे फळ कचेरीत, बाजारात आणि शेताच्या बांधावर मोजले जाते. पहिल्या राजांच्या पुस्तकातील एकविसाव्या अध्यायात अहाब राजाने नाबोथाचा द्राक्षमळा कसा बळकावला ते याच वेळी वाचले तर यशयाचा संताप अधिक समजतो.

होशेय १० : १ मध्ये फोफावलेला वेल आहे, ज्याची फळे वाढली तशा वेद्याही वाढल्या, मामेभावाचे वाक्य येथे आठवते. यिर्मया २ : २१ मात्र सावकाश वाचावे. परमेश्वर म्हणतो की मी तुला उत्तम, अस्सल बीजाचा वेल म्हणून लावले होते, मग तू परक्या वेलाच्या निकृष्ट फुटीसारखा कसा झालास? जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात या अस्सल वेलाला ‘अलेथिने’ म्हणजे ‘खरा’ हे विशेषण आहे, आणि योहान १५ : १ मध्ये येशूच्या तोंडी वेलाला हेच विशेषण आहे. ‘खरा द्राक्षवेल’ या शब्दांतील ‘खरा’ कोठून आला याचा माग यिर्मयापर्यंत असा पोहोचतो.

शेवटी यहेज्केल १५. हा अवघ्या आठ वचनांचा अध्याय आहे आणि तो फारसा कोणी वाचत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते. संदेष्टा विचारतो की रानातल्या इतर झाडांपेक्षा द्राक्षवेलाच्या लाकडात अधिक ते काय? त्यापासून काही वस्तू करता येते काय? भांडे टांगायला एखादी खुंटी तरी करता येते काय? सागाची फांदी तुटली तर निदान दांडा होतो, बाभळीची तुटली तर औत होते. द्राक्षाच्या काडीचे फळावाचून काहीच होत नाही, ती जळणात जाते. योहान १५ : ६ मध्ये वाळलेले फाटे गोळा करून अग्नीत टाकण्याचे जे वचन आहे आणि ज्याने अनेक सरळ मनाची माणसे घाबरतात, त्याच्यामागे हे लाकूड आहे. ते वचन कठोर आहे आणि ते सौम्य करण्याचा प्रयत्न मी करणार नाही. मात्र त्यात लहर किंवा सूड नाही, वेलापासून सुटलेल्या काडीची खरी अवस्था आहे.

या बैठकीत आणखी एक गोष्ट सांगून ठेवावी. येशूच्या काळी हा वेल केवळ ग्रंथात नव्हता. यरुशलेमेतील मंदिराच्या प्रवेशद्वारावर सोन्याचा द्राक्षवेल होता आणि त्याला माणसाच्या उंचीचे घड लोंबत होते, असे यहूदी इतिहासकार योसेफसाने लिहिले आहे. आणि पुढे इ. स. ६६ मध्ये रोमी सत्तेविरुद्ध उठाव झाला तेव्हा बंडखोरांनी पाडलेल्या ब्राँझच्या नाण्यांवर द्राक्षाचे पान होते. वेल म्हणजे आपण, आपली प्रजा, आपले मंदिर, हे ऐकणाऱ्यांच्या मनात इतके पक्के होते. एका माणसाने जेवणाच्या पंक्तीत ‘तो वेल मी आहे’ म्हणावे, हे त्या पार्श्वभूमीवर ऐकून पाहावे.

येथे सावधगिरी हवी. इस्राएलाचा वेल टाकून दिला आणि त्याच्या जागी आपण आलो, अशा गर्वाने हा भाग पुष्कळदा वाचला गेला आहे आणि त्या वाचनाने यहूदी लोकांवर मोठे अन्याय झाले आहेत. वेल म्हणवणारा यहूदी होता, फाटे म्हणवले गेलेले अकराही शिष्य यहूदी होते. आणि बाहेरून आलेल्यांनी फुशारकी मारू नये अशी ताकीद पौलाने रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात दिली आहे. त्या अध्यायातील झाड जैतुनाचे आहे आणि तेथे कलम करण्याची गोष्ट आहे. योहानाच्या पंधराव्या अध्यायात कलमाचा उल्लेखही नाही, म्हणून दोन्ही चित्रे एकमेकांत मिसळू नयेत. मामेभावाच्या बागेत डॉगरिज या जातीच्या खुंटावर कलम केलेले वेल आहेत, त्यामुळे मीही प्रथम ही चूक केली होती.

मळ्याचे दाखले

यांना स्वतंत्र बैठक लागत नाही. तिसऱ्या बैठकीच्या आरंभी अर्धा तास पुरे. मळा आणि वेल यांत फरक करावा. मत्तय २० मध्ये द्राक्षमळा ही केवळ कामाची जागा आहे. तेथे मुद्दा मजुरीचा आणि मालकाच्या उदारपणाचा आहे, वेलाचा नाही. मार्क १२ : १ ते १२ मात्र यशयाच्या गीतावरच उभे आहे : तेच कुंपण, तेच द्राक्षकुंड, तोच बुरूज. फरक असा की यशयात मळ्यानेच वाईट फळ दिले, आणि मार्कात फळाविषयी तक्रार नाही. मळा खंडाने घेतलेले लोक मालकाचा वाटा देत नाहीत, त्याच्या दासांना मारतात आणि अखेर पुत्राला ठार करतात. प्रत्येक ठिकाणी दोष कोणाकडे जातो ते पाहावे, म्हणजे सगळ्या मळ्यांना एकच अर्थ चिकटवण्याचा मोह टळतो.

तिसरी बैठक : दोन भाषांत योहान १५

इंदूरातील मराठी माणसाचे घर मराठीत आणि रस्ता हिंदीत चालतो. पुण्याच्या वाचकाला सहसा न मिळणारी ही सोय आहे, आणि शास्त्र वाचताना ती वापरली पाहिजे. दोन्ही प्रती शेजारी ठेवून एकेक वचन मोठ्याने वाचावे, एकाने मराठी आणि दुसऱ्याने हिंदी. जेथे शब्द जुळत नाहीत तेथे थांबावे, कारण बहुधा तेथेच मूळ ग्रीक शब्द दोन्हीकडे अर्धा अर्धा वाटला गेलेला असतो.

पहिल्याच वचनात मराठीत पिता ‘माळी’ आहे आणि हिंदीत ‘किसान’. शहरात माळी म्हटले की बंगल्याच्या बागेला पाणी घालायला येणारा माणूस आठवतो. किसान म्हटले की ज्याचे सारे वर्ष त्या पिकावर अवलंबून आहे तो. ग्रीक शब्द ‘गेओर्गोस’ म्हणजे जमीन कसणारा. आणि मार्क १२ मधील खंडकऱ्यांसाठीही मुळात हाच शब्द आहे. हे लक्षात येताच दोन्ही अध्याय एकमेकांसमोर उभे राहतात. तेथे मळा कसणाऱ्यांनी विश्वासघात केला. येथे मध्ये कोणीही खंडकरी उरलेला नाही. पिता स्वतः कसतो.

दुसऱ्या वचनात मराठीत फळ देणारा फाटा माळी ‘साफसूफ करतो’, हिंदीत तो डाली ‘छाँटता है’. शेतीच्या दृष्टीने हिंदी शब्द अधिक नेमका वाटतो, आणि आमच्या बैठकीत एका काकांनी मराठी भाषांतर येथे चुकले असे ठामपणे सांगितलेही. परंतु ग्रीक क्रियापद ‘काथायरेइ’ याचा अर्थ स्वच्छ करणे असाच आहे, आणि लगेच तिसऱ्या वचनात येशू शिष्यांना म्हणतो की मी सांगितलेल्या वचनामुळे तुम्ही शुद्ध झालाच आहात; तेथला ‘शुद्ध’ हा ‘काथारोय’, त्याच धातूचा. मराठीत साफ आणि शुद्ध यांचे नाते दिसते, हिंदीत कात्री दिसते. दोन्ही हवे. आणि हेही पाहावे की छाटणी वचनाने होते असे येथे सांगितले आहे. घरातील आजार, नोकरी जाणे किंवा एखाद्याचा मृत्यू यांना देवाची छाटणी म्हणण्याची जी पद्धत पडली आहे तिला या दोन वचनांत आधार नाही. दुःखात असलेल्या माणसाला हे वचन अशा अर्थाने कधीही ऐकवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

फळ न देणारा फाटा तो ‘काढून टाकतो’, याविषयी काही जण असे सांगतात की ‘आयरेइ’ या क्रियापदाचा अर्थ ‘उचलून धरतो’ असा घ्यावा, कारण जमिनीवर पडलेली काडी उचलून बांधली जाते. त्या क्रियापदाला उचलणे हा अर्थ आहे हे खरे. तरी सहावे वचन पाहता काढून टाकणे हाच अर्थ येथे बसतो असे मला वाटते.

‘फाटा’ हा शब्द आज रस्त्याला अधिक लागू पडतो, म्हणून नव्या वाचकाला तो समजावून द्यावा लागतो. ग्रीक ‘क्लेमा’ हा खास द्राक्षाच्या फुटीचा शब्द आहे आणि संपूर्ण नव्या करारात तो याच अध्यायात येतो. पौलाने जैतुनाच्या फांदीसाठी निराळा शब्द वापरला आहे. बागाईतदाराच्या भाषेत तो म्हणजे काडी.

आता राहिले ‘राहणे’. चौथ्या वचनात मराठीत ‘तुम्ही माझ्यामध्ये राहा’ आहे आणि हिंदीत ‘तुम मुझ में बने रहो’. ‘बने रहो’ यात टिकून राहणे आहे, कालही होतो, आजही आहे, उद्याही असेन हे आहे. मराठी ‘राहा’ यात वस्ती आहे. मूळ ‘मेनो’ या क्रियापदात दोन्ही आहेत, आणि मराठीने ठेवलेला अर्थ जपण्याजोगा आहे, कारण याच शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात दोन शिष्य येशूच्या मागे जाऊन पहिला प्रश्न विचारतात तो ‘आपण कोठे राहता?’ हाच, आणि तेथेही हेच क्रियापद आहे. वहीत पंधराव्या अध्यायाच्या पहिल्या दहा वचनांत हे क्रियापद जेथे जेथे येते तेथे खूण करावी. मुळात ते दहा वेळा आहे. मग ‘फळ द्या’ अशी आज्ञा त्याच दहा वचनांत शोधावी. ती सापडत नाही. आज्ञा राहण्याची आहे; फळाविषयी जे आहे ते विधान आहे, की जो राहतो तो पुष्कळ फळ देतो. काडीला घड आणण्याचे काम दिलेले नसते, हे बागेत उभ्या राहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

चौथी बैठक : सतराव्या वचनापर्यंत

पुष्कळ प्रवचने आठव्या वचनावर थांबतात, कारण तेथे वेल संपतो असे वाटते. तेथे थांबू नये. नवव्या वचनापासून ‘माझ्यामध्ये राहा’ याचे ‘माझ्या प्रीतीत राहा’ असे होते, बाराव्या वचनात एकमेकांवर प्रीती करण्याची आज्ञा येते, आणि सोळाव्यात फळ हा शब्द पुन्हा परततो : तुम्ही जाऊन फळ द्यावे आणि तुमचे फळ राहावे. म्हणजे येथे फळ आणि राहणे एका वाक्यात आले आहेत. यशयाच्या न्यायाशेजारी ही प्रीती ठेवून पाहावी आणि त्या आठवड्यात आपल्या घरात किंवा गल्लीत त्या दोहोंची गरज कोणाला आहे, त्याचे नाव प्रत्येकाने आपापल्या वहीत लिहावे. ते मोठ्याने सांगण्याची आवश्यकता नाही.

त्यानंतर पंधरावे वचन एकदा मार्क १२ उघडे ठेवून वाचावे. तेथे मालक एकामागून एक दास पाठवतो, आणि काही दासांना मार खाऊन परतावे लागते, काही जिवानिशी जातात. मळ्यात काय चालले आहे ते त्यांना कोणी विश्वासात घेऊन सांगितलेले नाही. येथे, पुत्र मारला जाण्याच्या आदल्या रात्री, तोच पुत्र जेवणाच्या पंक्तीतल्या अकरा जणांना म्हणतो की मी ह्यापुढे तुम्हांला दास म्हणत नाही, कारण धनी काय करतो हे दासाला कळत नाही. मी तुम्हांला मित्र म्हटले आहे, कारण पित्यापासून जे ऐकले ते सर्व मी तुम्हांला सांगितले आहे.